मामंजींची डायरी, आक्काचा नेम

आमच्या घरात दोन गोष्टींना पाय लागला तर वाकून नमस्कार करायची पद्धत होती. एक केरसुणी आणि दुसरी मामंजींची डायरी. केरसुणी लक्ष्मी असते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. डायरीचं खूळ मात्र आमच्याच घरात होतं आणि गाव त्याला हसायचं. सुभेदाराच्या म्हशीसुद्धा डायरी बघून पान्हा सोडतात, असं पारावर बोललं जायचं. मी बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात धाकटी सून म्हणून त्या घरात आले आणि पहिल्या आठवड्यात मलाही हसू आवरलं नव्हतं.

गाव कुंडलच्या बाजूला. तेव्हा ते साताऱ्यात होतं, आता सांगलीत धरतात. ऊस, गुऱ्हाळ, म्हशी आणि फौज, एवढंच गावाचं जग. मामंजी म्हणजे माझे सासरे पहिल्या लढाईत फ्रान्सला जाऊन आलेले, सुभेदार होऊन पेन्शनीत निघालेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात मामंजी, थोरली जाऊ, आमचे मालक आणि मी. थोरले दीर फौजेत. सासू नसलेल्या घरात कोण कधी काय करणार, याचा मेळ मामंजींनी डायरीनं घातला होता.

दर वर्षाच्या शेवटी ते साताऱ्याला पेन्शनीच्या कामाला जायचे आणि येताना पेठेतल्या दुकानातून नव्या वर्षाची डायरी आणायचे. कापडी पुठ्ठ्याची, दिवसाला एक पान. पानाच्या माथ्यावर तारीख, वार, तिथी. त्याखाली संतांच्या शिकवणीतली एखादी ओळ, म्हणजे धीर धरावा, कुणाला दुखवू नये, देवावर भार टाकावा, अशा अर्थाची. आणि त्याखाली रिकाम्या रेघा. दिवेलागणीला मामंजी दौत-टाक घेऊन बसायचे आणि त्या रेघांवर दुसऱ्या दिवसाचं काम लिहायचे. मोटेला कोणती जोडी जुपायची, कुठल्या सरीला पाणी, कुणी वैरण आणायची, कुणी दळायचं. पुढची मोठी कामं तर महिना महिना आधी त्या त्या तारखेवर लिहून ठेवलेली असत. सकाळी त्यांची पूजा झाली की आम्ही सगळ्यांनी सोप्यात उभं राहायचं. मामंजी वरची ओळ दोनदा वाचायचे. तिला ते वचन म्हणत. मग खालचं वाचायचे, तो हुकूम.

हसण्यावारी नेलं तरी खरं सांगते, त्या डायरीनं आमचं भलं केलं होतं. इतर घरांतल्या सुना पहाटेपासून रात्रीपर्यंत घाण्याला जुपलेल्या असत. आमच्याकडे रोजच्या पानावर एक ओळ ठरलेली, 'दुपारी सुनांनी पडावे.' गावात दुसऱ्या कुठल्या सुनेला असा हुकूम नव्हता. माझ्या माहेरी, शिराळ्याकडे, मी हे सांगितलं तेव्हा आईला खोटं वाटलं. मामंजी कडक होते, पण दुष्ट नव्हते. ते दुष्ट असते तर पुढचं सगळं सोसायला सोपं गेलं असतं.

डायरी सगळ्यात जास्त मानायची ती माझी जाऊ. मी तिला आक्का म्हणत असे. ती जतकडची, दुष्काळी मुलखातली. आईबाप लहानपणीच गेले, मामानं वाढवलं आणि उजवून मोकळा झाला. तिला अक्षरओळख नव्हती. मी मराठी शाळेत तिसरीपर्यंत गेलेली. सकाळी वाचलेलं वचन ती दुपारी माझ्याकडून पुन्हा वदवून घ्यायची आणि जात्यावर बसली की पुटपुटत राहायची. कधी शब्द इकडचे तिकडे झाले तर परत विचारायला यायची. दुपारच्या विश्रांतीचं तर विचारूच नका. झोप येत नसली तरी ही बाई घट्ट डोळे मिटून आडवी, हात सरळ अंगालगत. मी कुशीवर वळून तिला गुदगुल्या करायचे, तरी डोळा उघडायची नाही. हुकूम होता ना.

त्रेचाळीसच्या दसऱ्याला थोरले दीर रजेवर आले. खंडेनवमीला मामंजींनी विळा, कोयता, कुऱ्हाड आणि फाळ मांडले, त्यात डायरीही ठेवली आणि तिलाही हळदकुंकू वाहिलं. दिरांनी हसून माझ्याकडे पाहिलं, पण बापासमोर बोलले नाहीत. ते बोलणारे नव्हतेच. उंचापुरा, देखणा माणूस, आणि बाप सोप्यात आला की उठून उभा राहायचा. रजा संपली आणि ते गेले ते दर्यापार. कुठं, ते कळायला मार्ग नव्हता. पत्रावर नुसता फौजेचा नंबर असायचा. आत लिहिलेलं असायचं, मी खुशाल आहे, इकडे फार धावपळ आहे, काळजी नसावी. मामंजी ते पत्र खिशात घालून पारावर जायचे. धावपळ म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं ना. माझा ल्योक अगदी पुढच्या फळीत हाय, असं सांगायचे आणि ऐकणारे माना डोलवायचे. गावातली अर्धी पोरं फौजेत आणि उरलेली भूमिगत, असा तो काळ. कुणाच्या घरी कधी काय बातमी येईल, याचा नेम नव्हता.

दीर गेल्यावर थोड्याच दिवसांत आक्काला दिवस गेल्याचं कळलं आणि तेव्हापासून तिचं डायरीचं वेड फारच वाढलं. एकदा तिला सणसणून ताप भरला होता. त्या दिवसाच्या हुकमात तिच्या नावावर परसातल्या भिंती सारवायचं होतं. मी म्हटलं, मी सारवते. तिनं मला हात लावू दिला नाही. भिंतीला टेकत टेकत सगळं सारवून मगच अंथरुणावर पडली. मला राग आला. मामंजींना कळलं असतं तर त्यांनीच तिला उचलून आत नेलं असतं, हे मी तिला बोलून दाखवलं. तेव्हा तिनं मला जवळ बसवून हळूच सांगितलं.

"हे परत येईपत्तर मामंजींचा एकबी हुकूम मोडायचा न्हाई, असा नेम धरलाय मी. मोडला तर त्यांच्यावर यील."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अगं, त्यात शेण काढायचंसुद्धा लिहिलेलं असतं, देव काय त्यावर नजर ठेवून बसलाय? तिचं उत्तर तयार होतं. वरची ओळ संतांची, आणि खालची त्याच पानावर असते, मग ती वेगळी कशी? मला पटलं नाही. आमच्याकडच्या फौजी घरांत बायका नेम धरायच्याच. कुणी शनिवार, कुणी अनवाणी, कुणी गोड सोडलेलं. हिनं डायरी धरली होती.

सातव्या महिन्यात तिच्या पावलांना सूज दिसायला लागली. पहिलटकरणीला माहेरी नेतात, पण तिला माहेरच नव्हतं. मामंजींनी स्वतः तिला आगगाडीनं मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी नावं ठेवली, सासरा सुनेला घेऊन डॉक्टरकडे जातो म्हणून. मामंजींनी लक्ष दिलं नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि एक तारीख दिली. त्या दिवशी हिला घेऊन या, मग बाळंत होईपर्यंत इथंच राहू दे. परत आल्या आल्या मामंजींनी डायरी उघडली, त्या तारखेचं पान काढलं आणि लिहिलं, 'थोरल्या सूनबाईस मिरजेस नेणे. छकडा, बैल, गोधडी, तूप बरोबर.' मी खांद्यावरून वाचून आक्काला सांगितलं. तूप ऐकून ती हसली. आपल्यासाठी एक अख्खं पान आहे, याचं तिला फार कौतुक वाटलं. ती तारीख गुरुवारची होती. बेस्तरवार आला, असं ती अधूनमधून बोटांवर दिवस मोजत म्हणायची.

तो बेस्तरवार यायच्या आधीच, ऐन उन्हाळ्यात, तिचं डोकं दुखायला लागलं. फडकं घट्ट बांधून ती चुलीपुढं बसायची. ऊन लागलं म्हणायची. मग तोंड सुजलं. बांगड्या मनगटात रुतल्या, जोडवी निघेनात. मी तेल लावून ओढायला गेले तर कळवळली. त्या दिवशी दुपारी तिनं मला विचारलं, भिंतीतल्या देवळीत दोन समया कुणी ठेवल्या? एकच होती.

मी तिथून तडक सोप्यात गेले आणि मामंजींना सांगितलं. आजच छकडा जुपा, म्हटलं. मालक मळ्यात होते, त्यांना हाक मारायला गडी पाठवते, म्हटलं. मामंजी लगोलग आत आले. तिचं तोंड बघून ते दचकले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण आक्का भिंतीला धरून उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली की बेस्तरवारचं पान लिहिलेलं आहे, तोवर आपल्याला काही होत नाही. मामंजी म्हणाले, पान मी लिवलंय, मी बदलीन. तेव्हा तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि नेमाचं सांगून टाकलं. इतक्या महिन्यांत एकही हुकूम मोडला नाही, आता शेवटाला मोडायला लावू नका, म्हणाली. मोडला आणि तिकडं काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?

मामंजी तिथंच पाटावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या पोरीनं आपल्या मुलासाठी एवढं केलं, हे त्यांना माहीत नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, मामंजी, तिचं ऐकू नका. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते अजून डोळ्यांपुढं आहे. इतका भ्यालेला पुरुष मी तोवर पाहिला नव्हता.

"पोरी, तिचा नेम माझ्या ल्योकासाठी हाय," ते म्हणाले. "मी तो कुठल्या त्वांडानं मोडू? उद्या सकाळी बघू."

सकाळी पूजा झाल्यावर आम्ही सोप्यात उभे राहिलो. आक्का खांबाला टेकून. त्या दिवशीचं वचन निघालं, संकट आलं तरी भक्तानं जागचं हलू नये, अशा अर्थाचं. साताऱ्याच्या कुठल्याशा छापखान्यात कुणा खिळे जुळवणाऱ्यानं ते त्या पानावर बसवलं होतं, दुसऱ्या पानावरही बसलं असतं. पण मामंजींनी दोनदा वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आक्काच्याही. दोघं एकमेकांकडे बघून हसल्यासारखे झाले. मला त्या दोघांचा इतका संताप आला की मी पुढचा हुकूम ऐकलाच नाही. 'थोरल्या सूनबाईने पडून राहावे', असा होता म्हणे. ती आत जाऊन हात अंगालगत ठेवून, डोळे मिटून पडली.

भाकरीच्या वेळेला तिला झटके आले. दातखीळ बसली, डोळे पांढरे झाले. मी किंचाळले, मालक मळ्यातून धावत आले, सुईणीला बोलावणं गेलं. सुईण उंबऱ्यातूनच म्हणाली, हे माझ्या हातचं न्हाई, मिरज गाठा. मामंजी डायरी आणि टाक घेऊन आत आले. मला वाटलं, याही वेळी काय लिहितायत? त्यांनी बेस्तरवारचं पान काढून त्यावर उभी आडवी रेघ मारली. त्या डायऱ्यांत मी कधी खाडाखोड पाहिली नव्हती. मग आजच्या पानावर तेच शब्द लिहिले आणि पान तिच्या डोळ्यांपुढं धरून ते म्हणाले, "हे बघ पोरी, हुकूम बदललाय. आता नेम मोडत न्हाई. ऊठ." तिला दिसत नव्हतं. ऐकूही येत नसावं.

छकड्यात गोधडी घालून आम्ही तिला स्टेशनावर नेलं. उन्हानं बैलांच्या तोंडाला फेस आला होता. मिरजेची गाडी सांजेला होती. स्टेशनाबाहेर लिंबाच्या झाडाखाली छकडा उभा केला आणि मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. गाडी यायच्या आधीच ती गेली. पोटातला जीवही तिच्याबरोबर गेला. गाडी आली, थांबली, माणसं उतरली, आमच्याकडे बघत बघत निघून गेली.

तेराव्यानंतर एके दिवशी मी अंगण झाडत होते आणि मामंजी ओट्यावर बसले होते. आपणहून बोलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली तेव्हाच बजावलं होतं, डोकं दुखलं, तोंड सुजलं, डोळ्यांपुढं अंधारलं, तर तारखेची वाट बघू नका, असाल तसे निघून या. हे मला तोवर माहीत नव्हतं. मी केरसुणी टाकून त्यांच्यापुढं उभी राहिले. हे डायरीत का नाही लिहिलं, विचारलं.

"त्याला तारीख न्हवती," मामंजी म्हणाले. "कुठल्या पानावर लिहू?"

ते मला खरंच विचारत होते. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. मी परत झाडायला लागले.

दिरांना पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. त्यानंतरही मामंजी दिवेलागणीला काम लिहीत राहिले, कारण म्हशी आणि ऊस थांबत नाहीत. पण सकाळी वाचायचं त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी खालचं तेवढं वाचायचे. वरच्या ओळीवर माझी नजरही जाऊ देत नसे, आणि मामंजी ती वाच म्हणून कधी म्हणाले नाहीत. आमचे मालक म्हणायचे, देवाचा काय दोष? देवाचा नसेल, पण मला त्या वेळी कुणाचा तरी दोष हवा होता. आजही हवा आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे गावातल्या बायका. आक्काचा नेम सुईणीच्या तोंडून सगळीकडे झाला होता. लढाई थांबली आणि दीर जिवंत असल्याचं पत्र आलं, तेव्हा बायकांनी जाहीर करून टाकलं की हे तिच्या नेमाचं फळ. आपला जीव दिला आणि नवऱ्याचा वाचवला. ज्यांची माणसं अजून परतली नव्हती अशा दोघीजणी सकाळी आमच्या सोप्याच्या पायरीशी येऊन उभ्या राहू लागल्या, आम्हालाबी हुकूम वाचून दाखवा म्हणून. मामंजी आत निघून जायचे. मी त्यांना घरी पिटाळलं, वाईट बोलून पिटाळलं, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

सेहेचाळीस साली थोरले दीर कायमचे घरी आले. लोखंडी ट्रंक, अंगावर चांगलं कापड, पायांत नवे करकरीत बूट. अंगावर ओरखडा नाही. उलट जरा भरले होते. शेजारपाजारच्या बायका आरती घेऊन दारात आल्या. एका म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, तिच्या नेमानं आलास रं बाबा. ते गोंधळले. पत्रात आम्ही बाळंतपणात गेली, एवढंच कळवलं होतं. बायका गेल्यावर त्यांनी मला विचारलं, कसला नेम? मामंजी तिथंच बसले होते. मी त्यांची भीड धरली नाही. दसऱ्यानंतरचं सगळं सांगितलं, झटक्यांपर्यंत, स्टेशनापर्यंत.

दीर भिंतीला टेकून ऐकत होते.  मग बापाकडे न बघता बोलले.

"आबा, मी लढाईत न्हवतो. तिकडं इराकात, बसऱ्याला डेपोत हुतो, पहिल्यापासनं. बूट आन् कांबळी वाटायचं काम. एक गोळी सुटल्याली ऐकली न्हाई मी."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.  मामंजींनी विचारलं, मग तसं लिवलं का न्हाईस? ठिकाण लिहिता येत नव्हतं हे खरं, पण आपण सुखरूप जागी आहोत, भ्यायचं कारण नाही, एवढं तरी लिहायचं.

"लिवलं असतं तर तुमाला चाललं असतं?" दिरांनी विचारलं. आता ते बापाकडे बघत होते.

मामंजी खोटं बोलले असते तर मी त्या दिवशी त्यांना माफ केलं नसतं.  ते म्हणाले, "न्हाई. मला लाज वाटली असती."

दीर उठले, बूट काढून ट्रंकेवर ठेवले आणि अनवाणी परसाकडे गेले. मामंजी बसल्या जागी रडायला लागले, आवाज न करता. मी आत गेले, आक्का जिथं हात अंगालगत ठेवून पडायची त्या जागेवर बसले आणि मोठ्यानं रडले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. मला गप्प करायला कुणी आत आलं नाही.